रानात ठेवलेलं चाक

९ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

हाक जुनी आहे, पण तुझ्यासाठी दुसरी मला येत नाही. तू बाजारगावातून फोन करतेस तेव्हा आशीर्वाद तुझी आई देतेच, तेव्हा त्यात कागद घालवत नाही. तुझ्या त्या पत्र्याच्या खोलीत फोन लागत नाही म्हणून पत्र लिहितो आहे. लागत असता तरी पत्रच लिहिलं असतं. फोनवर आपण दोघंही फक्त बोलतो, ऐकत कुणीच नाही.

तुझा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. मी शोधायला गेलो नव्हतो. तुझ्या आईनं ते पान उघडून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं होतं. कप उचलला तर खाली तुझं नाव. लेख बरा आहे. दोन ठिकाणी वाक्य फार लांबलंय, वाचताना दम लागतो.

तू उघड्या रानात चाक ठेवलंस. पिंजरा नाही, कोंडलेलं नाही. रानउंदीर आपणहून येतात, चाकावर चढतात, पळतात आणि निघून जातात. शेजारचं खाणं काढून घेतलंस तरी येतात. हे मी दोनदा वाचलं. सहा वर्षांपूर्वी धावण्याचं राष्ट्रीय शिबिर अर्धवट सोडून तू घरी आलीस, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, "उंदरांना कोणी शिट्टी वाजवून पळवत नाही, तरी ते पळतात." मला वाटलं, जाता जाता बापाला टोमणा मारलास. आता कळतंय की तो तुझा अभ्यासक्रम होता.

मुद्द्यावर येतो. लेखात शेवटी तू लिहिलंयस, की पळणं ही नुसती सवय किंवा हौस नाही, त्यात हॉर्मोन्सचा हात आहे. आणि एवढं लिहून लेख संपवलास. हे म्हणजे शेवटच्या वळणावर शर्यत सोडण्यासारखं झालं. मला विचारायचंय ते असं. नराच्या अंगातलं ते टेस्टोस्टेरॉन बंद केलं, तर त्याचं पळणं पार थांबतं की नुसतं कमी होतं? आणि पुन्हा सुरू केलं तर पळणं परत येतं का? किती दिवसांनी?

पळणं हा माझाही विषय आहे. चाळीस वर्षं पोरींना दुसरं काही शिकवलं नाही. म्हणून विचारतो. दुसरं कारण नाही.

घरी सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुर करतात. माझी खुर्ची आता खिडकीशी हलवली आहे, उजेड चांगला येतो. मैदान माझ्या जागी आलेल्या नव्या मॅडमनं घेतलंय. बाई कडक आहे. मी संध्याकाळी जाऊन बाकावर बसतो.

बाबा


२ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

उत्तर पोचलं. "आदरणीय बाबा" काय? मी काय बक्षीस समारंभाचा पाहुणा आहे?

बाकी उत्तर चोख आहे. मला समजलं ते लिहितो, चुकलं तर दुरुस्त कर. प्रयोगशाळेतल्या नराचे वृषण काढले की त्याचं चाकावरचं पळणं बरंच घटतं. हॉर्मोन बाहेरून दिलं की परत वाढतं. इथवर माझ्या अंदाजाप्रमाणे. पुढचं वाचून मात्र मी चष्मा पुसला. तू म्हणतेस, की टेस्टोस्टेरॉन मेंदूत गेल्यावर त्याचं इस्ट्रोजेन होतं, आणि पळवण्याचं बरंचसं काम ते इस्ट्रोजेन करतं. म्हणजे नराला पळवणारं रसायनही शेवटी बायकांचंच निघालं! तुझ्या आईला वाचून दाखवलं. भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हणाली, "यात नवीन काय आहे?"

माद्यांबद्दलचा परिच्छेदही वाचला. चक्राच्या ठरावीक दिवसांत मादी खूप पळते, बाकीच्या दिवसांत कमी, आणि "हे दिवस कोणी आळस म्हणून लिहून ठेवत नाही" असं तू लिहिलंयस. सरावाच्या वहीत मी मुलींच्या त्या दिवसांपुढे 'आळस' लिहायचो, टोमणा पोचला. उंदरांच्या आडून मारलास, पण नेम चांगला होता.

आता रानाचं. तू म्हणतेस, रानात गोष्ट एवढी सरळ नसते. थंडी, भूक, चांदणं, घुबड या सगळ्यांचं ऐकून उंदीर ठरवतो हलायचं की नाही. ते पटलं. मैदानावरही वाऱ्याचा हिशेब करावा लागतो. म्हणून या हंगामात तू काही नरांच्या कातडीखाली हॉर्मोनचं काम अडवणारी गोळी बसवली आहेस, काहींना रिकामी गोळी, आणि गळ्यात वाटाण्याएवढा ट्रान्समीटर. चाकाशी प्रत्येकाचा नंबर वाचणारं यंत्र. रिकामी गोळी कशाला ते आधी कळेना. मग कळलं, की दोघांनाही सुई टोचलेली असली पाहिजे, नाहीतर तुलना खोटी. बरोबर आहे. दोन धावपटूंना एकच बूट दिल्याशिवाय कोण सरस ते कळत नाही.

आता पुढचे प्रश्न. गोळी बसवलेल्या नरांचं वजन वाढतं का? विशेषतः पोटाशी? ते दिवसा जास्त झोपतात का? त्यांना हलायचं असतं आणि हलता येत नाही, की हलायची इच्छाच होत नाही? हे शेवटचं तुला मोजता येतं का? मला ते फार महत्त्वाचं वाटतं. पाय न उचलणं आणि मन न उचलणं यांत फरक असतो. आणि गोळीचा असर संपला की नर पहिल्यासारखा होतो का?

इथे हवा बदलली आहे. मला फार उकडतं. काल बाकावर बसल्या बसल्या डोळा लागला. नव्या मॅडमनं उठवलं, म्हणाली, "सर, सराव संपला." वय झालं, दुसरं काय.

बाबा

*(याच पाकिटात दुसऱ्या अक्षरातली चिठ्ठी)*

बाळा, पाकीट मी चिकटवते आहे म्हणून दोन ओळी घालते. मी ह्यांना शब्द दिलाय, त्यामुळे काही सांगत नाही. एवढंच सांगते की ते उंदरांचं विचारत नाहीयेत. गुडघे माझे बरे आहेत. जेवतेस ना नीट?

आई


२६ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

तुझ्या पत्रात एकच ओळ. "बाबा, तुम्हाला कोणतं इंजेक्शन चालू आहे?"

मी ते पत्र घेऊन थेट स्वयंपाकघरात गेलो. तुझ्या आईला म्हटलं, "तू शब्द दिला होतास."

"दिला होता. पाळला. मी इंजेक्शन हा शब्द लिहिलाच नाही."

"मग हिला कसं कळलं?"

"अहो, ती डॉक्टरेट करते आहे. तुम्ही उंदराच्या पोटाचा घेर विचारलात!"



तर आता सांगतोच. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. मागच्या हिवाळ्यात कळलं. पसरलेला नाही, पण शेजारी डोकावलाय असं म्हणतात. रेडिएशन झालं, ते मी सहज काढलं, रोज चालत जायचो आणि चालत यायचो. त्याबरोबर दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन सुरू केलं, दोनेक वर्षं घ्यायचं आहे. डॉक्टरीण बाई तुझ्या वयाची असेल. म्हणाली, "काका, त्या गाठीला टेस्टोस्टेरॉन म्हणजे खतपाणी. आपण पाणी तोडतोय." मी म्हटलं, तोडा. पण पाणी तोडल्यावर फक्त ती गाठ वाळणार नाही, बाकीचं शेतही वाळणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आधी उकडायला लागलं. बसल्या बसल्या छातीपासून कानापर्यंत भट्टी पेटते आणि घामानं शर्ट भिजतो. तुझी आई पहिल्यांदा पोट धरून हसली. म्हणाली, "मला हेच व्हायचं तेव्हा तुम्ही उठून पंखा बंद करायचात. थंडी वाजते म्हणे!" मग ती उठली आणि पंखा माझ्याकडे वळवला. आता घरात दोन पंखे आहेत.

मग पोट सुटलं. मग दंड मऊ झाले. टीव्हीवर कुठल्यातरी देशाच्या पोरींची रिले चालली होती, तिसरीच्या हातून बॅटन पडली आणि मला रडू आलं. मला! तुझी आई रिमोट शोधत होती, तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आता सकाळी जाग येते आणि उठावंसं वाटत नाही. दुखत काही नाही. पाय आहेत, दम आहे, डॉक्टरांच्या मते हृदय घोड्यासारखं आहे. फक्त उठावंसं वाटत नाही. चाळीस वर्षं मी ज्या पोरी सरावाला येत नाहीत त्यांच्या घरी जाऊन दार वाजवत होतो. आता माझं दार कोणी वाजवायचं? डॉक्टरीण बाई म्हणते, "काका, रोज व्यायाम करा." माझ्याच तोंडातलं वाक्य मला ऐकवते.

म्हणून मी या महिन्याचं इंजेक्शन घेतलेलं नाही. तारीख होऊन गेली. दवाखान्यातून दोनदा फोन आला, मी तुझ्या आईला सांगितलं की पुढची तारीख मिळाली आहे. मी इंजेक्शन चुकवलंय हे तिला अजून माहीत नाही. आता तू पाकिटात उलट चिठ्ठी घालू नकोस.

मला एवढंच ठरवायचंय. मीच आळशी झालोय, की औषधानं मला आळशी केलंय? औषध असेल तर मला निदान स्वतःची लाज वाटणार नाही. आणि औषध असेल तर ते सोडून, जितके दिवस आहेत तितके उभ्यानं काढायचे का, हे मी ठरवेन. तुझ्या रानातले नर काय म्हणतात ते लवकर लिही.

बाबा


२१ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

तुझं पत्र आल्यापासून माझी मान ताठ आहे.

आधी तू रागावलीस ते वाचलं. "मी उंदरांवरून माणसाचं इंजेक्शन ठरवू शकत नाही, आणि तुम्हीही ठरवू नका." वाचलं. खाली रेघ मारली होतीस, तीही पाहिली. आईला तू बाजारगावातून फोन करून तारखेचं सांगितलंस, तेही कळलं. कसं कळलं विचारू नकोस. दोन दिवस मला चहा मिळाला नाही.

पण पुढचं जास्त महत्त्वाचं. गोळी बसवलेले नर थोड्या जागेत फिरतात, चाकावर कमी येतात. म्हणजे ते औषधच. आळशीपणा नव्हे. बाकावरच्या मंडळींना मी हे सांगून टाकलं, आजारासकट सांगितलं. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "मग मला कोण गोळी देतंय? मी तर लहानपणापासून असाच आहे." सगळे हसले. मीही हसलो.

आणि घुबडांचं लिहिलंस. फिरस्ते नर जास्त पकडले जातात, गोळीवाले जास्त वाचले. "संख्या लहान आहे, निष्कर्ष काढू नका," असं तू लगेच लिहितेस. बरं, नाही काढत. पण मनात आलंच. जगायचं असेल तर गप्प बसा, हाच तुझ्या रानाचा सल्ला दिसतो. हे वाचून मी खरं तर पत्र मिटणार होतो.

मग बावन्न नंबर आला.

गोळी बसवलेला नर, वजनानं किंचित जड, आणि तरी जवळजवळ रोज रात्री चाकावर! बाकीचे गोळीवाले बिळाभोवती घोटाळतात आणि हा पठ्ठ्या येतो, पळतो आणि जातो. तू लिहिलंस, "एका उंदरावरून काही म्हणता येत नाही." अगं, एका धावपटूवरूनच सगळं म्हणता येतं! आधी सगळे म्हणतात माणसाला हे जमणारच नाही, मग एक जण ते करतो, आणि पुढच्या वर्षी दहा जण करतात. औषध अंगात असताना एकाला जमतं, तर ते जमण्यासारखं आहे.

मी सोमवारी दवाखान्यात गेलो आणि इंजेक्शन घेतलं. पोटात टोचतात, जाड सुई असते. डॉक्टरीण बाईनं विचारलं, "काका, मन कसं बदललं?" मी म्हटलं, ओळखीच्या एकाला हेच औषध चालू आहे, तो रोज पळतो. ती म्हणाली, "वा! वय काय त्यांचं?" मी म्हटलं, आठ-नऊ महिने. तिला वाटलं औषध सुरू होऊन आठ-नऊ महिने झालेत. मी दुरुस्ती केली नाही.

परवा मैदानावर गेलो. बूट घातले. मुलींचं वॉर्म-अप चाललं होतं, मी बाहेरच्या कडेनं सुरुवात केली. पहिलं वळण आरामात. दुसऱ्या वळणाला पायात शिसं ओतल्यासारखं झालं आणि मी गवतावर बसलो. नवी मॅडम धावत आली. मी तिला म्हटलं, लेस सुटली होती. बुटाला लेस नव्हती, चिकटपट्टीचे बूट आहेत. पण ती चांगली बाई आहे, "हो सर," म्हणाली आणि शेजारी बसली.

तरी काही बिघडत नाही. पहिल्या दिवशी बावन्नलाही जड गेलं असेल. तो कसा आहे ते कळवत जा.

बाबा


११ डिसेंबर

पत्र मिळालं. बावन्नचं वाचलं.

हे लिहायची काही गरज होती का? मला आत्ता काही लिहायचं नाही.


२० डिसेंबर

चि. भिंगरीस,

नऊ दिवसांपूर्वीचं पत्र रागाचं होतं. ते पेटीत टाकल्यावर परत काढता येत नाही. इंजेक्शनचंही तसंच आहे, तेही परत काढता येत नाही. तू मला फसवून टोचायला लावलंस असं मी दोन दिवस घरभर बोलत होतो.

राग ओसरल्यावर तुझं पत्र पुन्हा नीट वाचलं. बावन्नला परत पकडलं, कातडीखाली चाचपलं, तर गोळी नाही. जखमेतून पहिल्याच आठवड्यात गळून पडली असावी, तिथे बारीकसा व्रण राहिलाय. म्हणजे तो साधा नर होता. साध्या नरासारखा पळत होता. त्याचा पराक्रम काहीच नव्हता. ज्यांच्या अंगात गोळी खरोखर होती त्यातला एकही तसा पळला नाही.

मी वाचलं तेव्हा मला गवतावर बसलो त्याहून जास्त दमल्यासारखं झालं. तुझ्या आईला पत्र दाखवलं. तिनं वाचलंच नाही, बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "वाच ना."

"मला माहीत आहे. तिनं आधी मला फोन केला होता."

"आणि?"

"मी तिला म्हटलं, नको सांगूस. निदान फेब्रुवारीचं इंजेक्शन होऊ दे, मग सांग."

"तू तिला खोटं बोलायला सांगितलंस? तिच्या कामात?"

"हो," ती म्हणाली. "शास्त्र गेलं खड्ड्यात. मला तुम्ही जिवंत हवे आहात."

एवढं बोलून ती गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेली. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही असलं काही बोललेलो नाही, आमच्यात ती पद्धत नाही. मी पाठोपाठ गेलो आणि कपड्यांच्या घड्या घातल्या. चादरीचं एक टोक तिनं धरलं, एक मी.

नंतर मी विचार केला. आईचं ऐकणं तुला सोपं होतं. तू गप्प बसली असतीस तर मी मुकाट्यानं पुढचं इंजेक्शन घेतलं असतं, तुझ्यावर खूश राहिलो असतो, आपलं जमलेलं जमून राहिलं असतं. सहा वर्षांनी बाप मोकळेपणानं बोलायला लागला होता. आणि तू सरळ लिहिलंस, "गोळी नव्हती, बाबा. मला वाईट वाटतं, पण नव्हती." हे तू माझ्याकडून शिकलीस असं मी म्हणणार होतो. तुझी आई म्हणाली, "सगळी बक्षिसं स्वतःच्याच कपाटात लावू नका."

तर आता बावन्न नाही. मी एकटाच आहे, आणि माझी गोळी गळून पडणारी नाही.

पत्राच्या शेवटी तू वेगळ्या पानावर लिहिलं होतंस ते मी रागात वाचलंच नव्हतं. की हे उंदरांवरून नाही, माणसांवरून तपासलेलं आहे: हेच इंजेक्शन घेणाऱ्या लोकांत जे नियमानं चालतात, वजनं उचलतात, त्यांचा थकवा कमी राहतो. पहिल्यासारखे होत नाहीत, पण न करणाऱ्यांपेक्षा बरे राहतात. तू "बरे" लिहिलंस, "छान" लिहिलं नाहीस. म्हणून विश्वास ठेवला.

दवाखान्यात व्यायामाचा वर्ग असतो हे डॉक्टरीण बाई पहिल्यापासून सांगत होती. पाच-सहा दिवसांपासून जातोय. आम्ही सहा जण, सगळ्यांची पोटं सुटलेली, मधूनमधून एकेक जण घामाघूम होऊन वही हलवत वारा घेतो. एक निवृत्त बँकवाले आहेत, एक बेकरीवाले. शिकवणारा मुलगा विशीतला. हातात रबरी पट्टा देतो आणि म्हणतो, "काका, अजून एक. फक्त एकच." मग ते एक झालं की पुन्हा तेच. ही युक्ती मी त्याच्या जन्माआधीपासून वापरत आलोय. तरी लागू पडते. त्याची खांद्याची पद्धत मात्र चुकीची आहे. मी सांगितलं. तो म्हणाला, "काका, इथे मी सर आहे." बेकरीवाले एवढे हसले की त्यांचा पट्टा सुटून माझ्या कानाला लागला.

उठावंसं मला अजूनही वाटत नाही. हे तुला खरं सांगतो. फरक एवढाच की आता मी वाटण्याची वाट बघत नाही. आधी उठतो. वाटलंच तर मागून येतं. बहुतेक दिवशी येतच नाही. तरी संध्याकाळी अंग जरा हलकं असतं. याला काय म्हणायचं ते तुझ्या शास्त्रात असेल तर कळव, नसेल तर राहू दे.

फेब्रुवारीत जाईन की नाही हे आज लिहीत नाही. तेव्हाचं तेव्हा.

बाबा

*(पानाच्या मागे)*

बाळा, कान बरा आहे, नुसता लाल झालाय. वर्गातून येताना आता बेकरीवाल्यांकडून पाव आणतात आणि मला सांगतात की फुकट मिळाला. तू मला न जुमानता लिहिलंस याचा मला राग आला होता. आता नाही.

आई


१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

काल जाऊन आलो. तेच टोचणं, तीच जाड सुई. तुझी आई बरोबर होती. मीच बोलावलं तिला. रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, गाठीचा आकडा जवळजवळ तळाला गेलाय. डॉक्टरीण बाईनं विचारलं, "तुमचे ते ओळखीचे गृहस्थ कसे आहेत, रोज पळणारे?" मी तिला सगळं सांगितलं. आधी ती ऐकत राहिली, मग टेबलावर डोकं ठेवून हसली. बाहेरच्या नर्सनं दार उघडून पाहिलं.

मग ती म्हणाली, "काका, मग आज कशाच्या आधारावर आलात?"

उत्तर तुझ्या आईनं दिलं. "माझ्या," म्हणाली, "चला, शर्ट वर करा."

नव्या मॅडमशी बोललो. लहान मुलींचं घड्याळ आठवड्यातून दोन दिवस मी धरतो. मोठ्या मुलींच्या वहीत आता एक जास्तीचा रकाना आहे, त्यात त्या आपापले दिवस लिहितात, आणि त्या दिवसांचं टाइमिंग मॅडम वेगळं बघते. माद्यांचा तुझा परिच्छेद मी तिला वाचायला दिला होता. ती म्हणाली, हे तिला कधीपासून करायचं होतं, पण सर काय म्हणतील म्हणून थांबली होती. मी म्हटलं, सर काही म्हणणार नाहीत.

तू लिहिलंस की महिनाअखेरीला चाकं उचलणार, उंदरांच्या गळ्यातले ट्रान्समीटर काढायला शेवटचे पिंजरे लावणार, आणि त्याआधी आम्ही यावं. तुझ्या आईनं पत्र वाचता वाचताच पिशवी काढली. अजून दहा दिवस आहेत, पिशवी दारात भरून उभी आहे. तिला उंदरांची भीती वाटते हे तुला माहीत आहेच, पण ती म्हणते, गळ्यात पट्टा आहे म्हणजे पाळलेलेच.

गाडी ओढ्यापर्यंत येते आणि पुढे चालावं लागतं, असं तू लिहिलं आहेस. "थोडंसंच आहे" असं लिहिलंयस. थोडंसं म्हणजे काय? भिंगरे, अंतर खरं सांग. माझ्याकडे बघून कमी करू नकोस. मी आता हळू चालतो, पण किती चालायचंय ते माहीत असलं की चालतो. चढ असेल तर चढ लिही. मधे कुठे बसण्यासारखा दगड असेल, तर तो कुठे आहे तेही लिही.

बाबा